नकारातून केलेली ओळख

रोजच्या इंग्रजी बोलण्यात माणसाची ओळख करून देण्याची एक सोपी रीत आहे. आधी माणसाचा उल्लेख करावयाचा, मग ‘हू’ हा शब्द जोडून त्याच्याविषयी एक लहानसे वाक्य पुढे ठेवावयाचे. हे वाक्य पुष्कळदा नकारार्थी असते. ‘द बॉय हू डझन्ट लिसन’, ‘द टेनंट हू नेव्हर पेज ऑन टाइम’, ‘पीपल हू कान्ट रीड’, ‘द नेबर हू वोन्ट टॉक टु एनीबडी’. म्हणजे न ऐकणारा मुलगा, वेळेवर भाडे न देणारा भाडेकरू, वाचता न येणारी माणसे आणि कुणाशीही न बोलणारा शेजारी. व्याकरणकार अशा वाक्यांना विशेषणवाक्ये म्हणतात. बोलणारा ती सहज बोलून जातो आणि ऐकणाऱ्याच्या मनात माणसाचे चित्र तयार होते. परंतु ते चित्र त्या माणसापाशी काय आहे याचे नसून काय नाही याचे असते.

माणसाला त्याच्यापाशी जे नाही त्यावरून ओळखणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न आम्हांला येथे मांडावयाचा आहे. वरवर तो भाषेचा दिसतो. मुळात तो नीतीचा आहे. राज्य शासनाच्या सेवेत तीन दशकांहून अधिक काळ इंग्रजी टिपणे वाचण्यात आणि लिहिण्यात गेल्यामुळे या ‘हू’ने आमची पाठ कधी सोडली नाही. शिवाय हैदराबादेत राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी घरांत घरची भाषा एक, बाजारातील दुसरी आणि कचेरीतील तिसरी असते. तिन्ही भाषांत नकाराची ठेवण निराळी असल्यामुळे एकीतला नकार दुसरीत नेताना त्याचे वजन बदलते, हे आपल्याला अनुभवाने कळत असते. त्या अनुभवाचाच येथे आधार घेतला आहे.

आधी नकार म्हणजे काय ते पाहू. फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक विचार मांडला आहे. हे टेबल काळे आहे असे म्हणताना आपण टेबलाविषयी बोलतो. हे टेबल पांढरे नाही असे म्हणताना मात्र ते पांढरे असेल असे कुणाला तरी वाटले असावे, असे गृहीत धरून आपण त्या समजुतीविषयी बोलतो. डोळ्यांना ‘पांढरे नसणे’ कधी दिसत नाही; दिसतो तो काळा किंवा तपकिरी रंगच. नकार हा वस्तूचा गुण नव्हे; तो एखाद्या अपेक्षेला दिलेले उत्तर आहे.

हाच विचार माणसांना लावून पाहावा. ‘पंख नसलेला मनुष्य’ असे वर्णन कोणी करीत नाही, कारण माणसाला पंख असावेत अशी कुणाची अपेक्षा नसते. ‘मूल नसलेली बाई’ असे मात्र सर्रास म्हटले जाते, कारण बाईला मूल असावे ही अपेक्षा बोलणाऱ्याच्या मनात आधीच घर करून बसलेली असते. तेव्हा नकारार्थी वर्णन ऐकले की त्यात दोन माणसे आहेत हे ओळखावे. एक वर्णन केलेला आणि दुसरा अपेक्षा करणारा. पहिला सर्वांना दिसतो. दुसरा वाक्याआड उभा असतो. इंग्रजीत ‘नेअर-डू-वेल’ असा एक जुना शब्द आहे. ज्याचे कधीच काही धड होत नाही तो, असे अख्खे विशेषणवाक्य त्या एका शब्दात गोठले आहे. धड म्हणजे काय आणि ते कोणी ठरविले, हे विचारण्याची सोय मात्र त्या शब्दात नाही.

विशेषणवाक्यात ती सोय थोडी उरते, आणि ती का उरते हे पाहण्यासारखे आहे. विशेषणाला काळ नसतो, क्रियापदाला असतो. ‘इल्लिटरेट’ म्हटले की माणसाच्या कपाळावर शिक्का बसला. ‘हू कान्ट रीड’ म्हटले की निदान एक क्रिया समोर येते आणि ती आज होत नसली तरी उद्या होऊ शकेल अशी फट राहते. इंग्रजीच्या वाक्यरचनेत आणखी एक गोष्ट आहे. तेथे माणूस आधी येतो आणि त्याचे उणेपण मागाहून. आपल्या मराठीत बहुधा उलटे घडते. ‘न ऐकणारा मुलगा’ म्हणताना न ऐकणे पुढे आणि मुलगा मागे. मुलाचे नाव घेण्याआधीच त्याची तक्रार झालेली असते. ‘जो मुलगा ऐकत नाही तो’ अशी रचना आपल्याकडेही आहे, पण ती नियमांत आणि सुभाषितांत अधिक शोभते. घरात असे कोणी बोलत नाही.

मात्र मराठीची म्हणून एक बाजू आहे, ती इंग्रजीत सापडत नाही. ‘ही कान्ट रीड’ या वाक्यात न वाचणारा मनुष्य कर्ता होऊन उभा राहतो. मराठीत आपण म्हणतो, ‘त्याला वाचता येत नाही’. येथे तो कर्ता नाही. वाचणे हीच जणू त्याच्याकडे यावयाची गोष्ट आहे आणि ती अद्याप आलेली नाही. ती का आली नाही, वाटेत कोणी अडवली, हे विचारण्यास हे वाक्य आपोआप जागा ठेवते. कोणत्याही भाषेचा गर्व वाहण्याचे कारण नाही. प्रत्येकीने आपापल्या परीने कोठे कठोरपणा तर कोठे दया साठवून ठेवली आहे, एवढेच खरे.

नकारार्थी विशेषणवाक्याचा सारा नैतिक भार त्यातील साहाय्यक क्रियापदावर असतो, असे आम्हांस वाटते. एकाच माणसाविषयी इंग्रजीत पाच प्रकारे बोलता येते. ‘हू डझन्ट रीड’ म्हणजे वाचत नाही. ही सवय झाली. ‘हू वोन्ट रीड’ म्हणजे वाचायला तयार नाही; हा हट्ट झाला. ‘हू कान्ट रीड’ म्हणजे वाचता येत नाही. ही असमर्थता झाली. ‘हू हॅजन्ट लर्न्ट टु रीड’ म्हणजे अजून शिकलेला नाही; येथे काळाचा प्रश्न आला. आणि ‘हू वॉज नेव्हर टॉट टु रीड’ म्हणजे ज्याला कोणी शिकविलेच नाही. येथे जबाबदारी त्याच्यावरून उतरून दुसऱ्या कुणाकडे गेली. मराठीतही ‘न शिकणारा’, ‘न शिकलेला’ आणि ‘शिकू न दिलेला’ यांत असेच अंतर आहे. पाचही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. त्यांतले कोणते उच्चारावयाचे, हा निर्णय बोलणाऱ्याचा असतो. आणि निर्णय आला की त्यामागोमाग नीतीही आली.

कचेरीच्या इंग्रजीत या निवडीने माणसांचे भवितव्य ठरते. तेथे ‘डिड नॉट’पेक्षा ‘फेल्ड टु’ हा प्रयोग अधिक आवडीचा. ‘द अ‍ॅप्लिकंट, हू फेल्ड टु अपिअर ऑन द अपॉइंटेड डेट’, म्हणजे नेमल्या तारखेस हजर राहण्यात कसूर केलेला अर्जदार, हे शब्द हजारो फायलींत सापडतील. अर्जदार आला नाही ही घटना. त्याने कसूर केली हा निवाडा. पण वाक्य घटनेच्या वेषात निवाडा सांगून मोकळे होते आणि पुढचा अधिकारी तो निवाडा घटना म्हणूनच वाचतो. सीमेलगतच्या एका तालुक्यात असा एक शेतकरी आमच्या पाहण्यात आला होता. गाव मराठी बोलणारे, नोटीस निराळ्या लिपीतली, आणि वाचून दाखविणारा गृहस्थ आठवड्याच्या बाजारालाच भेटणारा. कागदाचा अर्थ कळेतो तारीख उलटून गेली होती. फाइलवर तो ‘हू फेल्ड टु अपिअर’ झाला. ‘टु हूम द नोटिस वॉज नॉट एक्स्प्लेन्ड’, म्हणजे ज्याला नोटीस समजावून दिली नाही तो, असे लिहिले असते तर वाक्य तितकेच नकारार्थी राहिले असते आणि तितकेच इंग्रजी. परंतु प्रकरणाची दिशा बदलली असती, कारण त्यातला नकार कचेरीच्या पदरात पडला असता.

साक्षरतेचे उदाहरण याहून मोठे आहे. आपल्या जनगणनेत सात वर्षे व त्यावरील वयाची जी व्यक्ती कोणतीही एक भाषा समजून वाचू आणि लिहू शकते तिला साक्षर धरतात. नुसते वाचता येते पण लिहिता येत नाही, अशी व्यक्ती साक्षरांत मोडत नाही. व्याख्या अगदी नेमकी आहे आणि मोजणीला ती तशी हवीच. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा सुमारे १८ होते आणि स्त्रियांत ते शेकडा सुमारे ९ होते. २०११ साली ते एकूण शेकडा सुमारे ७३ वर आले. आता १९५१ मधील त्या उरलेल्या शेकडा ९१ स्त्रियांचा विचार करावा. त्यांना ‘वाचता न येणाऱ्या’ म्हणणे खोटे नव्हते. परंतु १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली तेव्हा त्यांना कोणत्या विरोधास तोंड द्यावे लागले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दिसेल की ‘वाचता न येणे’ हे त्या मुलींचे वैगुण्य नव्हते. ते समाजाचे न फेडलेले कर्ज होते. नकारार्थी वर्णनाने कर्जदाराचे नाव पुसून कर्जाचा आकडा तेवढा धनकोच्या नावावर लिहिला होता.

इंग्रजी विशेषणवाक्यात आणखी एक बारकावा आहे, तो स्वल्पविरामाचा. ‘द क्लार्क्स हू डिड नॉट साइन वेअर ट्रान्सफर्ड’ याचा अर्थ, ज्या कारकुनांनी सही केली नाही त्यांचीच बदली झाली. तेच वाक्य ‘क्लार्क्स’च्या पुढे आणि ‘साइन’च्या पुढे स्वल्पविराम देऊन लिहिले की अर्थ होतो, सर्वच कारकुनांनी सही केली नाही आणि सर्वांचीच बदली झाली. दोन टिंबांइतक्या शाईने काहींचा दोष सर्वांचा होतो. लिहिताना निदान ही चिन्हे दिसतात. बोलताना ती किंचित थांबण्यात विरून जातात. ‘ते लोक, जे कायदा पाळीत नाहीत’ आणि ‘त्यांच्यातले जे लोक कायदा पाळीत नाहीत ते’ यांतील अंतर चौकातल्या गप्पांत कोण जपतो? कोणत्याही समाजाविषयी पसरणाऱ्या अफवेचे व्याकरण तपासले तर हा हरवलेला भेद त्यात सापडेल.

ही भीती काल्पनिक नाही. इंग्रजी राजवटीने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अख्ख्या जमातींची नावे अधिसूचित केली. काहींनी केलेला गुन्हा हा त्या जमातीत जन्मलेल्या प्रत्येक बालकाचा स्वभाव ठरला. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला, तेव्हा त्या जमातींना ‘डिनोटिफाइड’ असे नाव मिळाले. म्हणजे मुक्ततेनंतरही इंग्रजीत त्यांची ओळख एका मागे घेतलेल्या आरोपानेच राहिली. मराठीने ‘विमुक्त’ हा शब्द घेतला, त्यात निदान मोकळेपणाची हवा आहे.

आमच्या हैदराबादेपुरते बोलावयाचे तर ‘गैरमुल्की’ हा शब्द जुन्या मंडळींच्या कानांत अद्याप असेल. निजामाच्या राजवटीत १९१९ साली निघालेल्या फर्मानाने मुल्की कोणास म्हणावे हे ठरविले होते आणि ज्याचा जन्म येथला नव्हता त्याला पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट होती. उरलेले सारे गैरमुल्की. १९५२ च्या सप्टेंबरात ‘नॉन-मुल्की, गो बॅक’ ही घोषणा देत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. येथल्या तरुणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न खरा होता, त्यांची तक्रार रास्त होती. त्यांनाही ‘इंग्रजी न येणारे’ म्हणून बाजूला सारले जात होते. म्हणजे त्या वादाच्या दोन्ही तीरांवर माणसे उभी होती ती एकमेकांनी दिलेल्या नकारार्थी नावांनी. ‘येथला नसलेला’ या वर्णनात तो मनुष्य कोठला आहे, काय करतो, किती पिढ्यांपासून येथे राबतो, यांतले काहीच सांगितलेले नसते. नकार सर्व परक्यांना एकाच पोत्यात भरतो.

इंग्रजी बोलणाऱ्या समाजांना या अन्यायाची जाणीव झाली नाही असे नाही. अमेरिकेत १९७५ साली विकलांग मुलांच्या शिक्षणासाठी जो कायदा झाला त्याच्या नावात ‘हँडिकॅप्ड चिल्ड्रन’ असे शब्द होते. १९९० साली त्या कायद्याचे नाव बदलून ‘इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज’ असे शब्द आणले गेले. आधी व्यक्ती, मग तिचे उणेपण, असा त्यामागचा विचार. ‘ब्लाइंड मॅन’ऐवजी ‘अ मॅन हू कान्ट सी’ म्हणावे, अशी शिकवण शाळांतून दिली जाऊ लागली. हेतू उदात्त होता. परंतु १९९३ साली तेथील नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या अंधांच्याच संघटनेने या सक्तीच्या रचनेविरुद्ध ठराव केला. अंध या शब्दाची आम्हांला लाज वाटत नाही, तुम्ही तो शब्द वाक्याच्या शेपटाकडे ढकलता तेव्हा लाज तुम्हांला वाटते हे दिसते, असा त्या भूमिकेचा मथितार्थ. अनेक बधिर मंडळींचेही असेच म्हणणे आहे. त्यांच्यापाशी हातांची संपूर्ण भाषा आहे, आणि ‘ऐकू न येणारे’ या वर्णनात त्या भाषेचा मागमूसही नसतो. मराठीत तर ही युक्ती तशीच्या तशी आणताच येत नाही, कारण ‘अपंगत्व असलेली व्यक्ती’ म्हटले तरी अपंगत्व पुढेच राहते. नुसता शब्दांचा क्रम पालटून प्रश्न सुटत नाही, हे यावरून उमगावे.

यावर एक आक्षेप संभवतो. हे सारे शब्दांचे लाड झाले. ज्याच्या घरात पाणी नाही त्याला पाणी नसलेला म्हणू नये तर काय म्हणावे? आक्षेप बिनतोड आहे आणि आम्हांला तो मान्य आहे. उणेपणा गोड शब्दाखाली झाकला तर तो भरून काढण्याची घाई कोणाला राहत नाही. सरव्हँटीसच्या ‘डॉन किहोटे’ या कादंबरीतील सँचो पान्झा आपल्या आजीचा हवाला देऊन सांगतो की, जगात घराणी दोनच, एक असलेल्यांचे आणि एक नसलेल्यांचे. मराठीने त्याच भेदासाठी ‘आहे रे’ आणि ‘नाही रे’ असे शब्द घडविले. ‘नाही रे’ या नावातला नकार अपमान करीत नाही. तो जाब विचारतो. ज्याला नाही तो स्वतः हा शब्द उच्चारतो तेव्हा अपेक्षा करणारा आणि वंचित राहिलेला एकच असतो. तेव्हा नकार टाळावा असे आमचे म्हणणे नाही. तो कोणी, कोणाविषयी आणि कोणाच्या अपेक्षेने उच्चारला, एवढे पाहावे.

आता नकाराची दुसरी बाजू, स्तुतीची. इंग्रजीत सज्जन माणसाविषयी म्हणतात, ‘अ मॅन हू वुडन्ट हर्ट अ फ्लाय’. आपण म्हणतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शोकसभेत हमखास येणारे वाक्य म्हणजे, त्यांनी कधी कुणाला दुखावले नाही. इंग्रजी मृत्युलेखांत मात्र ‘हू डिड नॉट सफर फूल्स ग्लॅडली’ असे आले की जाणता वाचक हसतो. गृहस्थ तापट होते हे सभ्यपणे सांगण्याची ती रीत आहे. कार्डिनल न्यूमन यांनी १८५२ साली डब्लिनमधील विद्यापीठाच्या निमित्ताने लिहिलेल्या व्याख्यानांत सभ्य गृहस्थाचे प्रसिद्ध शब्दचित्र काढले आहे. त्याचा आरंभच कोणाला दुःख न देणारा या कल्पनेने होतो. पुष्कळ जण ते चित्र आदर्श म्हणून वाचतात. परंतु न्यूमन यांच्या विवेचनाचा रोख निराळा आहे. सुसंस्कृत बुद्धी माणसाला इतपत आणून सोडते, संतत्व याच्या पलीकडे आहे, असे त्यांना सुचवावयाचे होते.

शासकीय सेवेतही ही नकारार्थी स्तुती पावलोपावली भेटते. गोपनीय अहवालात सचोटीच्या रकान्यात लिहितात, ‘नथिंग अ‍ॅडव्हर्स हॅज कम टु नोटिस’. बढतीच्या वेळी पाहतात तो ‘अगेन्स्ट हूम नो केस इज पेंडिंग’ असा अधिकारी. निवृत्तीच्या वेळी ‘नो ड्यूज’चा दाखला मिळाला की निवृत्तिवेतनाचा मार्ग खुला. प्रतिकूल काही आढळले नाही, चौकशी प्रलंबित नाही, येणे बाकी नाही. तीन नकारांत अख्खी नोकरी मावते. यांत खोटे काही नाही आणि यंत्रणेला एवढेच हवे असते. पण ज्याच्याविरुद्ध काही नाही त्याने कोणासाठी काही केले काय, हे त्या कागदांवरून कधीच कळत नाही. अध्यात ना मध्यात राहणारा मनुष्य पुष्कळदा अन्यायाच्या वेळीही अध्यात ना मध्यात राहतो.

येथे ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय आठवतो. ज्ञानाची लक्षणे सांगताना गीतेने अमानित्व, अदंभित्व, अहिंसा असे नकारार्थी शब्दच आरंभी घेतले आहेत. ज्ञानदेव त्या नकारांवर थांबत नाहीत. अहिंसा या एका शब्दासाठी ते अशा माणसाचे चालणे, पाहणे, बोलणे, त्याच्या हातांची हालचाल, असे एकेक करून मोठ्या ममतेने उभे करतात. वाचणाऱ्याला अखेर ‘न मारणारा’ दिसत नाही. जपून पाऊल टाकणारा दिसतो. नकारार्थी शब्द होकारार्थी वर्तनाने कसा भरावा, याचा याहून चांगला वस्तुपाठ आम्हांला माहीत नाही.

एवढ्या विवेचनावरून आम्ही आमच्यापुरते तीन प्रश्न ठरविले आहेत. कोणाही माणसाचे नकारार्थी वर्णन ओठांवर आले की विचारावे: ही अपेक्षा कोणाची? न घडलेली गोष्ट घडविणे कोणाच्या हाती होते? आणि जे घडले नाही ते कायमचे संपले आहे काय? लाच न घेणाऱ्या मनुष्यापाशी निवड होती, म्हणून त्याच्या नकाराचा मान त्याचा. दिलेला शब्द न पाळणाऱ्यापाशीही निवड होती, म्हणून तो दोष त्याचा. ज्याला निवडच मिळाली नाही त्याच्या गळ्यात ‘नाही’ अडकविणे, मग ते इंग्रजीत असो की मराठीत, हा अन्याय होय.

हे प्रश्न घरापासूनच लावून पाहावेत. आपल्या जुन्या मराठी घरांतील नव्या पिढीविषयी एक वाक्य सर्वत्र ऐकू येते: ‘किड्स हू डोन्ट नो मराठी’. पाहुण्यांशी बोलताना ते कधी खेदाने तर कधी किंचित कौतुकानेही म्हटले जाते, आणि मूल शेजारीच उभे राहून ते ऐकत असते. पहिला प्रश्न लावला तर अपेक्षा आपली आहे हे उघड आहे, मुलाची नाही. दुसरा प्रश्न लावला तर सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती भाषेची निवड नव्हती हेही तितकेच उघड आहे. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हैदराबादेतली आपली बहुतेक मुले शाळेत हिंदी शिकतात, म्हणजे देवनागरी अक्षरे त्यांच्या परिचयाची असतात. अडते ते ‘ळ’पाशी, जोडून आलेल्या प्रत्ययांपाशी, आणि कधी न ऐकलेल्या शब्दांपाशी. आजीने रागावून म्हटलेले सारे त्यांना समजते. अशा मुलाला ‘मराठी न येणारा’ म्हणणे वस्तुस्थितीलाही धरून नाही.

‘न वाचणारी’ आणि ‘न वाचलेली’ यांत मराठीने एका प्रत्ययाचे अंतर ठेवले आहे. पहिल्याने मुलाचा स्वभाव ठरतो. दुसऱ्याने एवढेच कळते की एक गोष्ट अजून घडलेली नाही. मराठी पुस्तक न वाचलेली मुले आपल्या घरांत आहेत. पुस्तके कपाटांत आहेत, अक्षरे मुलांना येतात, आणि ‘ळ’ म्हणजे काय ते सांगण्यास एक संध्याकाळ पुरते.